झेंडा तोडणाऱ्याची नाडी

१५ सप्टेंबर १९८५, सकाळी सात वाजता, पांढुर्ण्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून मी माझ्या मोठ्या भावाची नाडी मोजली. मिनिटाला एकशे बारा. तो शांतपणे चहा पीत होता. अंगात ताप नव्हता, धावपळ केलेली नव्हती, रात्रीची झोपही व्यवस्थित झालेली होती. एवढ्या वेगाचे शारीरिक कारण मला सापडत नव्हते, म्हणून उरले ते कारण मला मान्य करावे लागले. त्या दिवशी गोटमार होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मध्यावर पळसाचे खोड रोवतात आणि त्याला झेंडा बांधतात. मग अलीकडच्या काठावरून पांढुर्णा आणि पलीकडच्या काठावरून सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. दिवसभर फेकतात. पांढुर्ण्याच्या कोणी त्या दगडांतून पाण्यात उतरून, कुऱ्हाडीने झेंडा तोडून चंडीच्या देवळात आणला की आमची जीत. हे का सुरू झाले याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यांतली एकही मला तपासून पाहता आलेली नाही. माझ्या आईचे माहेर सावरगावचे. त्या एका दिवशी ती नदीच्या दिशेने बघत नसे, कारण दोन्ही काठांवर तिचीच माणसे होती.

दादाने मागची सलग दोन वर्षे झेंडा तोडला होता. वडील गेल्यापासून तो संत्र्याच्या कलमांची लहानशी नर्सरी चालवत होता. जंबेरी या रानलिंबाच्या रोपाच्या सालीत चाकूने चीर पाडायची, तिच्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची, या कामात त्याचा हात इतका हलका होता की लांबलांबचे बागायतदार त्याच्याकडे येत. ते काम करताना तो कोणाशी बोलत नसे. मुळात तो बोलतच कमी असे. झेंडा तोडल्यापासून मात्र लोक त्याच्याशी बोलू लागले. हॉटेलात त्याच्यासाठी बाकावर जागा होऊ लागली. सौंसरच्या बाजारात अनोळखी माणसे त्याच्याकडे बोट दाखवत. त्याला सांगून येणाऱ्या मुलींचे बाप नर्सरीविषयी थोडे आणि झेंड्याविषयी फार विचारत. त्याचे नाव मागे पडले आणि ‘झेंडेवाला’ एवढेच उरले.

मी तेव्हा नागपूरला वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला शल्यचिकित्सक व्हायचे होते. आमच्या भागातून ते शिक्षण घेणारी पहिली मुलगी मीच असेन, असा माझा हिशेब होता आणि तो मी कोणापासून लपवला नव्हता. सुटीत घरी आले की मी सगळ्यांच्या नाड्या मोजत असे. त्यामुळे त्या सकाळी मी दादाचे मनगट धरले याचे कोणालाच नवल वाटले नाही.

“किती?” त्याने विचारले.

“एकशे बारा.”

“म्हंजे चांगली का खराब?”

“म्हंजे तू भेऊन राहिला.”

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “मायले सांगू नको. हाव, भेऊन राहिलो. पाण्यात उभं असलं का गोटा येताना दिसत नाई, नुसता कानाजवळून आवाज जाते. पयल्या साली नव्हतो भेलो. तवा मालूमच नव्हतं.”

“मंग जाऊ नको.”

“अन् बाहेर काय सांगू? झेंडेवाल्याले थंडी वाजून राहिली म्हणून?”

एवढ्यात त्याचे दोस्त अंगणात आले. त्यांच्यातला एक दारातूनच ओरडला, “अबे, डॉक्टरीणबाई नाडी पाहून राहिली! काय वो बाई, पेशंट जिता हाय ना?” दुसरा म्हणाला, “त्याची नाडी सावरगाववाल्यायले इचारा, याले पाहून त्यायचीच नाडी सुटते!” सगळे हसले. दादा सगळ्यांत मोठ्याने हसला. माझी बोटे अजून त्याच्या मनगटावर होती, आणि त्या हसण्याखाली नाडी तशीच धावत होती. एकाच शरीरात दोन परस्परविरोधी विधाने मी प्रथमच इतक्या स्पष्टपणे वाचली. गावाला एक विधान ऐकू येत होते, मला दोन्ही.

वॉर्डात आम्ही करत असू तसा मी चिकटपट्टीचा लांब तुकडा त्याच्या दंडावर लावला आणि पेनाने त्यावर आकडा लिहिला.

“बिल्ला लावला काय?” तो म्हणाला आणि कुऱ्हाड घेऊन निघाला.

दुपारी मी नदीकाठी सरकारी डॉक्टरांच्या तंबूत मदतीला होते. गोटमारीत सर्वांत भयंकर काय असेल तर तो आवाज. दगडावर दगड आपटल्याचा कोरडा आवाज सतत येत राहतो. मध्येच एखादा आवाज ओला येतो, आणि तेवढ्यावरून कळते की हा दगड माणसाला लागला. मी प्रत्येक ओल्या आवाजाला मान वर करत होते. दादा पांढऱ्या बनियनमध्ये होता. पांढरी बनियन सगळ्यांचीच होती.

तंबूत येणारे थोडे होते. बहुतेक जखमी सरळ चंडीच्या देवळात जात. तिथे जखमेवर भभूत, म्हणजे देवीचा अंगारा, लावली जाई आणि माणूस पुन्हा नदीकडे धावत असे. भभूत लागली म्हणजे माणूस बरा झाला, हे दोन्ही काठांना मान्य होते. रक्त थांबले की जखम संपली. आणि रक्त निघालेच नसेल तर जखम झालीच नाही, हा त्याच विचाराचा पुढचा भाग. तो कोणी बोलून दाखवत नसे, पण सगळे त्याप्रमाणेच वागत.

दादाला लागलेला दगड मी पाहिला. तो गुडघाभर पाण्यात होता, झेंड्यापासून फार दूर नव्हता. उजव्या कानाच्या वर काहीतरी आदळले आणि तो मुळातून कापलेल्या झाडासारखा सरळ आडवा झाला. दोस्तांनी त्याला ओढत काठावर आणले. थोडा वेळ तो हललाच नाही. मी तंबूतून धावले. गर्दीतून मी पोचेपर्यंत ते त्याला देवळात घेऊन गेले होते. देवळाच्या पायरीवर तो उठून बसलेला, डोळे उघडे, कानाच्या वर टेंगूळ आणि त्यावर राखाडी भभुतीचा जाड लेप. रक्ताचा थेंबही नव्हता.

“झेंडा हाय ना अजून?” हे त्याचे पहिले वाक्य.

मी नाडी पाहिली. नव्वद. “दादा, तंबूत चाल. आडवा हो. मले लक्ष ठेवू दे तुह्यावर.”

“काही झालं नाई वो बाई,” एक दोस्त म्हणाला. “पाहा, कसा टनाटना बोलून राहिला!”

तो बोलत होता, हेच मला भिववत होते. डोक्याला मार लागून काही क्षण शुद्ध हरपते, मग माणूस उठतो, बोलतो, हसतो, घरच्यांची खात्री पटवतो की सगळे ठीक आहे. आणि त्या वेळात कवटीच्या आत, हाडाखाली, रक्त साठत जाते. आमचे सर वर्गात म्हणाले होते की याच अवधीत माणसे दवाखान्यातून घरी पाठवली जातात. माझा भाऊ त्या अवधीत होता की नव्हता, हे मला ठाऊक नव्हते. बहुतेक टेंगळे म्हणजे केवळ टेंगळेच असतात. माझ्याजवळ पुरावा नव्हता, नुसती शक्यता होती, आणि शक्यतेच्या बळावर गावाच्या झेंडेवाल्याला अडवणे मला जमले नाही. माझ्या हातातून मनगट सोडवून तो निघून गेला.

त्याने झेंडा तोडला. तो कसा तोडला हे मी पाहिले नाही, कारण पूर्ण वेळ मी त्याच्या डोक्याकडे पाहत होते. एकदम गर्जना झाली, दगड थांबले, आणि तो लोकांच्या खांद्यावर होता.

मिरवणूक देवळाकडे वळली. गुलाल उधळला जात होता, डफडी वाजत होती. दादा खांद्यावर बसल्याबसल्या एका बाजूला कलला आणि त्याला उलटी झाली. लोक हसले. “नदीचं पानी लय पेला भाऊनं!” पुन्हा झाली, तेव्हाही हसले. मी गर्दीत शिरून त्याचा खाली लोंबणारा हात पकडला आणि चालता चालता मोजले. अडुसष्ट. मी पुन्हा मोजले. अडुसष्टच.

मेंदूवर दाब वाढू लागला की नाडी मंदावते. दिवसभर दगडांत धावलेल्या, पाण्यात झगडलेल्या आणि आता हजारोंच्या खांद्यावर बसलेल्या माणसाची नाडी अडुसष्ट असूच शकत नाही. माझ्या शेजारच्या माणसाला मात्र दादाची मिटत चाललेली नजर वेगळी दिसत होती. “पाहा,” तो बायकोला म्हणाला, “काम झालं तं कसा देवावानी शांत झाला.”

“खाली उतरवा त्याले!” मी ओरडले. “नागपूरले न्या लागते. आत्ता!”

“बाई, झेंडा चढू द्या देवीले आधी.”

“झेंडा तुम्ही चढवा. माणूस मले द्या.”

“माणसाबिगर झेंडा कसा चढन?”

“नागपूरले शिकून आली तं गावाले शिकवून राहिली,” मागून कोणीतरी म्हणाले. डफडी थांबली नव्हती. सरकारी डॉक्टर तंबूत कोणाची तरी भुवई शिवत होते. माझ्या हाताला दादाची बोटे लागत होती आणि ती माझी बोटे धरत नव्हती.

मी खरे सांगितले होते आणि ते निरुपयोगी ठरले होते. मग या गर्दीला काय ऐकू येईल याचा मी विचार केला. विचार फार वेळ चालला नाही. उत्तर खांद्यावर बसलेलेच होते.

“नागपूरचे पेपरवाले नाक्यावर उभे हाय!” मी जेवढ्या मोठ्याने ओरडता येईल तेवढ्या मोठ्याने ओरडले. “झेंडेवाल्याचा फोटो पाह्यजे त्यायले. उजेड गेला तं फोटो येत नाई म्हणतात!”

डफडी थांबली. ज्या गर्दीने मला वाट दिली नव्हती तिने स्वतःहून वाट केली. सौंसरचे एक संत्र्याचे व्यापारी, आमचे दूरचे काका, जीप घेऊन गोटमार पाहायला आले होते. लोकांनी त्यांनाच गाठले. कोणी दादाचे तोंड पुसले, कोणी हार घातला, एकाने खिशातून फणी काढून त्याचा भांग पाडला. भांग पाडताना त्याचे डोके पुढे पडत होते, तेव्हा दुसऱ्याने हनुवटी धरून ते सरळ केले. दोन दोस्त फोटोत येण्यासाठी जीपमध्ये चढले. मला त्यांना उतरवायला वेळ नव्हता.

आमच्या घरावरून जाताना आई दारात आरतीचे ताट घेऊन उभी असलेली दिसली. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती, म्हणजे झेंड्याची आणि फोटोची. ती हसत होती. जीप थांबली नाही.

“काका, नाक्यावर थांबू नका,” मी म्हणाले. त्यांनी एकदा आरशातून माझ्याकडे पाहिले आणि गाडीचा वेग वाढवला.

“अवो बाई, फोटोवाले मांगं रायले ना!” मागचा एक जण म्हणाला.

“फोटो नागपूरले.”

सावनेर येईपर्यंत त्यांच्या लक्षात आले. मी टॉर्च लावून दादाच्या पापण्या उघडत होते. उजवी बाहुली मोठी झाली होती आणि प्रकाश पडूनही आकसत नव्हती. मी दंडावरच्या पट्टीवर सकाळच्या एकशे बाराखाली अडुसष्ट लिहिले, अडुसष्टखाली साठ, साठखाली चौपन्न. प्रत्येक आकडा लिहिताना मला वाटे की हा लिहिला नाही तर पुढचा येणार नाही. असा विचार मी परीक्षेत कोणाच्या उत्तरात वाचला असता तर शून्य दिले असते. दोस्तांपैकी एक रडू लागला. दुसऱ्याने झेंडेवाल्याच्या गळ्यातला हार हळूच काढून आपल्या मांडीवर ठेवला.

नागपूरच्या दवाखान्यात त्याची कवटी उघडून रक्त काढण्यात आले. तो वाचला. मी हे एका वाक्यात लिहिते, कारण त्यातले माझे काम तिथेच संपले होते आणि माझी भीती मात्र तिथे संपली नाही.

त्याला त्या दिवसाचे काहीच आठवत नव्हते. पोळ्याचे बैल आठवत होते. त्यानंतरची सकाळ, ओटा, चहा, नदी, झेंडा, सगळे पुसलेले. घरी आल्यावर लोक त्याला भेटायला येत आणि त्याचाच पराक्रम त्याला सांगत. तो लक्षपूर्वक ऐके. काही महिन्यांनी तोच सांगू लागला, माझ्यासमोरही, अगदी तपशिलांसह: पाण्याचा जोर, सावरगाववाल्यांच्या शिव्या, कुऱ्हाडीचा तिसरा घाव. ते तपशील कोणाकडून आले हे मला ठाऊक होते, कारण मूळ सांगणाऱ्यांना मी ऐकले होते. त्याला ते आपलेच वाटत होते.

तो बदलला होता. पूर्वीचा कमी बोलणारा माणूस आता दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ देत नसे. नर्सरीत कलमाचा डोळा भरताना मध्येच उठून रस्त्यावरच्याशी गप्पा मारी. सालीतला डोळा वाळून जाई, पट्टी सैल राही. त्या हंगामात बरीच कलमे मेली आणि त्याला त्याचे काही वाटले नाही. मी आमच्या सरांना विचारले. ते म्हणाले, अशा इजेनंतर काही माणसांचा स्वभाव पालटतो. पण कौतुकानेही स्वभाव पालटतो. यात मेंदूचा वाटा किती आणि गावाचा किती, हे मला कधीच वेगळे करता आले नाही. ताडून पाहायला मला दुसरा भाऊ नव्हता, ज्याला दगड लागला पण ज्याचे कोणी कौतुक केले नाही.

प्रसिद्धीविषयी मी तटस्थ आहे असा दावा मला करायचा नाही. एका साप्ताहिकात माझ्याविषयी काही ओळी छापून आल्या, ‘झेंडेवाल्याची हुशार बहीण’ अशा मथळ्याखाली. माझ्या स्वतंत्र गुणांचा उल्लेख त्यात नव्हता म्हणून मला राग आला, आणि तरीही मी तो अंक दोनदा विकत घेतला. फरक इतकाच की मला हवे असलेले नाव मिळवायला पाण्यात उभे राहावे लागत नव्हते.

गावाने मात्र माझे एक वाक्य धरून ठेवले. “फोटो आला का वो पेपरात?” मी सांगे की फोटोवाले नव्हतेच, मी खोटे बोलले, कारण खरे बोलून तुम्ही हलत नव्हता. लोक मान हलवत आणि आपसांत म्हणत की नागपूरवाल्यांनी पांढुर्ण्याचा फोटो मुद्दाम दाबला. दादाचाही त्यावर पूर्ण विश्वास बसला. पुढचा पोळा जवळ आला तसा तो रोज म्हणू लागला, “मांगच्या साली राहून गेला. यंदा फोटो काढाचाच.”

मी डॉक्टरांची चिठ्ठी आणली. सावरगावहून मामा येऊन गेले आणि भाच्याच्या पाया पडायला तयार झाले. आईने कुऱ्हाड धान्याच्या कोठीत लपवली. दोस्तांनी दुसरी आणली. गोटमारीच्या सकाळी तो नवी बनियन घालून ओट्यावर बसला होता. केस वाढले होते, त्यामुळे टाक्यांचा व्रण दिसत नव्हता. मी त्याच्याजवळ बसले.

“दादा, मांगच्या साली तू भेला होता. अठीच बसून मले सांगतलं तू.”

“मी?” तो मोकळेपणाने हसला. “काहून खोटं बोलतं बाई? त्या नागपूरच्या पेपरवाल्यायसारखं?”

“एकशे बारा होती तुही नाडी.”

“मंग आज पाह्य. पाह्य ना!” त्याने हात पुढे केला आणि अंगणातल्या दोस्तांना डोळा मारला. “या रे, डॉक्टरीणबाई पास करते का नापास, पाहा!”

मी बोटे ठेवली. नाडी जलद लागावी अशी इच्छा मी आयुष्यात त्या एकाच वेळी केली. भीती असली तर तो वाकेल, मागे सरेल, आवाज आला की मान खाली घालेल. पहिल्या वर्षानंतर त्याला नदीतून घरी आणणारी गोष्ट कुऱ्हाड नव्हती, हे मला आता कळत होते. मी पूर्ण मिनिट मोजले. नर्सरीत पाटावर बसून, सकाळच्या उन्हात, घाई नसताना तो कलमांचे डोळे भरत असे, तेव्हा त्याची नाडी जशी लागायची तशीच ती लागत होती.

त्या संध्याकाळी तो खांद्यावर एक निळा डाग घेऊन, झेंड्याशिवाय, हसत परत आला. आता तो दरवर्षी जातो. त्या दिवशी मी नागपुरात मुद्दाम कामावर राहते आणि पांढुर्ण्याहून येणाऱ्या प्रत्येक स्ट्रेचरकडे पायांकडून पाहायला सुरुवात करते, म्हणजे चेहऱ्यापर्यंत पोचायला थोडा वेळ मिळतो. त्याची नाडी मी पुन्हा मोजलेली नाही. ओट्यावरच्या त्या दुसऱ्या सकाळी नव्या पट्टीवर लिहिलेला आकडा शेवटचा आहे: ७२.